पितृपक्षात वाळवलेली माशांची टाकी

अण्णांच्या रक्तदाबावर मासे पाळण्याचं औषध आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी सुचवलं. "गोळ्या चालू ठेवा, पण रोज संध्याकाळी अर्धा तास माशांकडे बघत बसा, डोकं शांत होतं," असं ते म्हणाले आणि ज्या घरात मासळीचा वाससुद्धा कधी दरवाज्याच्या आत आला नव्हता, त्या घरात मासे येणार असं ठरलं. आईला हे मुळीच पटलेलं नव्हतं. मासे खायचे नसतात तर मग घरात आणायचे कशाला, हा तिचा प्रश्न. शिवाय ते ठेवायचे कुठे? बाहेरच्या खोलीत एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार, मध्ये आमच्या अंथरुणांची घडवंची. अण्णा म्हणाले, खिडकीखाली टेबल ठेवू. आई म्हणाली, ठेवा, पण त्या भांड्याला लागलेला हात धुतल्याशिवाय माझ्या ओट्याला लावायचा नाही. टाकी घरात यायच्या आधीच तिने तिचं नाव 'मासळीचं भांडं' असं ठेवून टाकलं होतं.

अण्णा विक्रोळीच्या एका कारखान्यात माल तपासणीला होते. बाहेरून आलेला प्रत्येक सुटा भाग त्यांच्या हाताखालून जायचा. मापात बसला तर हिरवी चिठ्ठी, नाही बसला तर लाल. ही सवय घरीही उतरली होती. वाण्याकडून आलेली तूरडाळ ते परातीत पसरून बघत, नारळ कानाशी हलवत, माझ्या नव्या चपलांचे टाके मोजत. आई म्हणायची, लग्नाच्या वेळी मला कशी हिरवी चिठ्ठी मिळाली कोण जाणे. आणि हाच माणूस ती टाकी मात्र न तपासता घेऊन आला. का, तर गावकर काका ओळखीचे होते. "ओळखीच्या माणसाकडे तपासत बसायचं म्हणजे त्याचा अपमान," असं अण्णांनी मला रस्त्यात सांगितलं होतं. मला तेव्हाही ते कळलं नव्हतं आणि आता पन्नाशी ओलांडली तरी नीट कळलेलं नाही. अनोळखी माणसाला तपासून घ्यायचं आणि ओळखीच्याला नाही, मग ओळखीचा फायदा नक्की कुणाला?

गावकर काका पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी काहीबाही करून पाहिलं आणि शेवटी एका नातेवाइकाकडून माशांच्या टाक्यांचं काम शिकले. अण्णांच्या कारखान्यात साहेबांच्या केबिनमध्ये मोठी टाकी होती, ती दर आठवड्याला साफ करायला ते यायचे, तिथली ही ओळख. लोकांनी काढून टाकलेल्या जुन्या टाक्या ते आणायचे, गंज खरवडायचे, काचांच्या फटींत नवी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचे आणि विकायचे. तेव्हाच्या टाक्या म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यात बसवलेल्या काचा. काच आणि लोखंड यांच्यामध्ये सुताराकडे असते तशी लांबी भरलेली असायची, तिच्यावर सगळं पाणी तोललेलं.

ते भटवाडीत राहायचे, चढावरच्या एका चाळीत. मी अण्णांबरोबर गेले तो रविवार होता, भाद्रपदातली पौर्णिमा. दारातून आत पाहिलं आणि मी गोंधळलेच. दहा बाय बाराच्या त्या खोलीत भिंतीला लागून चार-पाच टाक्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या काठोकाठ पाण्याने भरलेल्या, आणि एकीतही मासा नाही. काकी त्यांच्यामधून वाट काढत चहाचे कप घेऊन आल्या. काका म्हणाले, "आठ दीस भरून ठेवतंय. थेंब पडलो नाय तर मगे विकतंय." अण्णांशी बोलताना ते जरा शहरी बोलायला जायचे आणि मध्येच त्यांचं मालवणी सुटायचं. काकी हसत पण जरा तक्रारीच्याच सुरात म्हणाल्या, "आमका पिवाक कळशी आणि हेंच्या काचांका चार बादल्यो." त्या चढावर नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. रांगेत शेजारणी काकींशी भांडायच्या की तुमच्या घरात माणसं तीन आणि बादल्या बारा कशा.

एका कोपऱ्यात सगळ्यांत मोठी टाकी होती. ती कुर्ल्याच्या कुठल्यातरी ऑफिसातून आणलेली. "ही डॉक्टरांची," काका म्हणाले. आमच्या डॉक्टरांनाही दवाखान्यात टाकी हवी होती, पण त्यांनी अण्णांना सांगून ठेवलं होतं की आधी तुमची कशी निघते बघू, तुम्ही तर माल तपासणारे, तुमचा शब्द मिळाला की मी गावकरांनाच सांगतो. काकांनी हे ऐकून टाकी आणूनसुद्धा ठेवली होती. एका दवाखान्यात लागली की दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत नाव जाईल, मग साफसफाईची कायमची कामं मिळतील, असा त्यांचा हिशोब. गिरणी सुटल्यानंतर पहिल्यांदाच त्यांना पुढचं काहीतरी दिसत होतं, आणि ते दिसणं आमच्या टाकीवर अवलंबून होतं.

आमची टाकी रिकामी करून हातगाडीवर चढवली. अण्णा गाडीवाल्याशी घासाघीस करत होते. काका काचांभोवती गोणपाट गुंडाळत होते आणि मी सुतळीचं टोक धरून उभी होते. तेव्हा ते मला म्हणाले, "बाय, घराक नेल्यार लगेच पाणी भरा हां. मासे मागसून हाडा, पण पाणी आजच." मासे नंतर आणा, पण पाणी आजच, एवढं नक्की म्हणाले. यापुढे त्यांनी "टाकी सुकी ठेवू नकात, लांबी सुकता" असंही म्हटलं का? मला कधी वाटतं की म्हणाले. त्यांचा आवाज ऐकू येतो, सुतळी आवळताना दातांत धरलेलं टोकही दिसतं. आणि कधी वाटतं की पुढे जे झालं त्यानंतर मीच ते वाक्य त्यांच्या तोंडी घातलं असेल. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी ते वाक्य तपासते आहे आणि कोणती चिठ्ठी लावावी हे मला ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, "काकांनी लगेच पाणी भरायला सांगितलंय." संध्याकाळचे सहा वाजले होते. आमच्याकडेही पाणी सकाळीच यायचं, त्यामुळे आई म्हणाली, "आता सहा बादल्या कुठून आणू? उद्या बघू." दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन वस्तू वापरायला काढायची नाही, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं की अण्णांनीही वाद घातला नाही. दसऱ्याला मुहूर्तावर भरू म्हणाले. मग आईच्या मनात आलं, ही वापरलेली टाकी. कुणाच्या घरातली, तिच्यात कुणाचे मासे मेले असतील. तिने ती टाकी सोडा घालून गरम पाण्याने धुतली आणि पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात ठेवली. लोणच्याची बरणी भरायच्या आधी ती जशी उन्हं दाखवून खडखडीत वाळवायची, तशीच. रोज दुपारी ऊन सरकलं की टाकीही सरकवायची. एकदा तर काचेवर बोट फिरवून मला म्हणाली, "बघ, आता कशी लखलखीत झाली. मासळीचं भांडं म्हणून ओळखू येणार नाही." तिने जे केलं ते अगदी मन लावून केलं. आई वस्तू बिघडवणारी बाई नव्हती. तिची एकही बरणी कधी बुरसली नाही.

दसऱ्याच्या सकाळी टाकी टेबलावर आली, झेंडूची माळ लागली, आणि मी व अण्णांनी बादल्या ओतल्या. टेबलाच्या पायाशी पाटावर पाटीपूजन मांडलेलं होतं. माझी वह्या-पुस्तकं, अण्णांची मापं घ्यायची हत्यारं, सगळ्यांवर हळदकुंकू. अण्णा बाजारात जाऊन प्लास्टिकच्या पिशव्यांतून चार सोनेरी मासे आणि दोन काळे घेऊन आले. पंप घुरघुरायला लागला, बुडबुडे वर यायला लागले, आणि अण्णा खुर्ची ओढून समोर बसले. त्यांचा चेहरा मला इतका मऊ कधी दिसला नव्हता. आत आईचा चक्का टांगलेला होता. दही उशिरा आल्यामुळे तो अजून ठिबकत होता आणि आई सारखी फडकं पिळून बघत होती. त्यामुळे टप टप असा आवाज आला तेव्हा तो आम्हाला तिघांनाही चक्क्याचाच वाटला. श्रीखंड घोटून झालं, वेलदोडा पडला, पुऱ्या फुगायला लागल्या, तरी आवाज येतच होता. "चक्का तर मी कधीच उतरवला," आई आतून म्हणाली. मग मी खाली पाहिलं. भूगोलाच्या वहीवरचं कुंकू पसरून पाटावरून खाली वाहत होतं.

पुढचा तास मी नीट सांगू शकत नाही. टाकी एका कोपऱ्यातून गळत होती, मग दोन कोपऱ्यांतून. मासे काढून ठेवायला आई स्वयंपाकघरातलं एकही भांडं देईना, म्हणून ते आंघोळीच्या बादलीत गेले. अण्णा बोटाने लांबी दाबायला गेले तर तिचा कोरडा तुकडाच हातात आला. पुऱ्या थंड झाल्या. अण्णा लालबुंद होऊन म्हणत होते, "मला खराब माल दिला. मला!" टाकी गळली याचं दुःख नंतरचं. ज्याच्या हाताखालून वीस वर्षांत वाईट वस्तू गेली नाही त्याच्याच घरात ती आली, याने ते पेटले होते. डॉक्टरांचं औषध असं लागू पडलं.

ते जेवलेच नाहीत. शर्ट चढवला, मला म्हणाले, "मंगल, चल," आणि निघताना देवापुढची आपट्याची पानं खिशात टाकली. दसरा होता ना. भांडायला जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं! भटवाडीचा चढ ते धापा टाकत चढले, काकांच्या दारात उभे राहिले, आधी त्यांच्या हातात सोनं ठेवलं, काकांनी वाकून नमस्कार केला, आणि मग अण्णा म्हणाले, "गावकर, तुमची टाकी फुटकी निघाली."

काकांना काही कळेना. "फुटकी? गळता? अशी कशी गळात, साहेब? आठ दीस भरललंय, थेंब पडूक नाय."

"मग आम्ही काय खोटं बोलतोय? घरात तळं झालंय."

"पाणी कदी भरलात?"

"आज. मुहूर्तावर."

काकांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे पंचवीस दीस सुकी?"

"सुकी म्हणजे काय, उन्हात चांगली वाळवलेली," अण्णा अभिमानाने म्हणाले. "बायकोने धुऊनपुसून ठेवली होती. तुमच्याकडून काळी आली, तिची आरशासारखी केली आम्ही."

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "साहेब, लांबी सुकली की तडकता. टाकी भरललीच ऱ्हवाक होयी."

"हे तुम्ही सांगितलं होतं? सुकी ठेवू नका, असं सांगितलं होतंत का? हो की नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपट्याचं पान हातात घेऊन उभी होते. ते पाहणं किती वेळ चाललं असेल? दोन श्वासांचं असेल. मी तोंड उघडायला हवं होतं. पण काय सांगायचं हेच मला कळेना. भरायला सांगितलं होतं, हे खरं. मी आईला सांगितलं होतं, हेही खरं. मग गळली कुणामुळे? मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "नाय साहेब. ता माझ्याकडसून सांगूचा ऱ्हवला."

"म्हणजे चूक तुमची."

"व्हय. माझीच."

दुसऱ्या दिवशी हातगाडी येऊन टाकी घेऊन गेली आणि पैसे परत आले. मासे मात्र बादलीत राहिले. एकेक करून ते मरत गेले, आणि ज्या दिवशी एखादा मरायचा त्या दिवशी आई बादली घासत बसायची.

आठवड्याने अण्णा रक्तदाब तपासून घ्यायला खाली गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "काय मग, टाकी कशी निघाली? गावकरांना सांगू ना?" अण्णा म्हणाले, "रिजेक्ट. मी तुम्हाला त्या मालाची खात्री देणार नाही." डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." एवढ्यावर ते संपलं. पारा पाहून त्यांनी गोळी वाढवली.

जिन्यात मी अण्णांना सगळं सांगितलं. माझ्याने आणखी राहवेना. ते मधल्या पायरीवरच थांबले. "तुला सांगितलं होतं? आणि तू?" मी म्हटलं, "आईला सांगितलं." वर आल्यावर आई म्हणाली, "मला म्हणाली, पाणी भरायला सांगितलंय. नाही भरलं तर गळेल असं कुठे म्हणाली? तसं म्हणाली असती तर मी पितृपक्षातसुद्धा भरली असती." अण्णा म्हणाले, "पण टाकी मी घेतली. त्याने मला सांगायचं की पोरीला? विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगायचं असतं." मग लगेच स्वतःच म्हणाले, "पण घेणाऱ्याने विचारायचंही असतं. मी विचारलंच नाही." ते बराच वेळ असे उलटसुलट बोलत राहिले. कारखान्यात आलेल्या पेटीवर 'ओल्या जागी ठेवू नये' असं लिहिलेलं असेल आणि गोदामवाल्यांनी ओलीत ठेवली, तर चूक गोदामाची. पण ते पेटीवर न लिहिता हमालाला तोंडी सांगितलं असेल तर? मी हमाल होते की घेणारी, हे अण्णांना ठरवता येईना. मलाही येत नव्हतं. हल्ली माझी भाची घरातल्या जुन्या वस्तू फोनवर विकते आणि प्रत्येकीखाली 'जशी आहे तशी' असं लिहून मोकळी होते. मला तिचा हेवा वाटतो, आणि तिच्याकडून काही घ्यायची भीतीही वाटते.

रविवारी अण्णा परत भटवाडीला निघाले. या वेळी मला चल म्हणाले नाहीत, मीच मागे गेले. खोलीत आमची टाकी ओळीत बसली होती, काठोकाठ भरलेली. अण्णा आधी तिच्यापाशी उकिडवे बसले आणि चारही कोपऱ्यांवरून, तळाखालून बोट फिरवून त्यांनी पाहिलं. बोट कोरडं. "म्हणजे टाकी चांगलीच होती?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "आता नवी लांबी भरलंय, साहेब. आधीची चांगली होती काय नाय, ता आता कसा कळतला?" खोटं बोलायची इतकी सोपी संधी त्यांनी का सोडली, याचाही मला उलगडा होत नाही.

अण्णा म्हणाले, "गावकर, तुम्ही पोरीला सांगितलं होतंत. मग नाही का म्हणालात?"

"पोरीक सांगलंय म्हणजे तुमका सांगलंय असा होता काय?" काका म्हणाले. "इकणारो मी. तुमका थांबवून सांगूक होया होता. तुमी गाडयेवाल्याकडे बोलत होतात, माका वाटला कशाक मधी बोला. ती माझीच चूक." ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्या दिवशी त्यांनी मला वाचवलं असं मी आठवडाभर समजत होते. आता वाटलं, त्यांनी मला वाचवलं नव्हतंच, त्यांना खरंच तसं वाटत होतं. की अण्णांच्या समोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून हेही तसंच म्हणत होते?

"नाही, चूक माझी," अण्णा म्हणाले. "मी माल तपासला नाही." मग दोघेही चूक आपल्याकडे ओढायला लागले, आणि दसऱ्याला जितके तावातावाने बोलले होते तितक्याच तावातावाने. काकी चहा घेऊन मध्ये उभ्या राहिल्या तेव्हा कुठे थांबले.

कप हातात घेतल्यावर काकांनी कोपऱ्यातल्या मोठ्या टाकीकडे हात केला. "मगे डॉक्टरांची कदी पोचवू?"

अण्णांनी कप खाली ठेवला. डॉक्टरांनी स्टेशनजवळच्या दुकानातून नवी टाकी आणली होती. दोन दिवसांपूर्वीच. ती आम्ही येताजाता पाहत होतो. अण्णांनी ते सांगितलं, आणि आपण डॉक्टरांना काय म्हणालो तेही सांगितलं, एक शब्द न गाळता. काकी आत गेल्या. स्टोव्हचा आवाज बंद झाला.

"आता मी काय करू, सांगा," अण्णा म्हणाले. "ती टाकी मी घेतो. घरात जागा करतो."

"नको साहेब. टाकी ऱ्हवांदे." काका म्हणाले. "डॉक्टरांका फकत इतक्या सांगा की गावकराचो माल वायट नव्हतो. बाकी काय नको. माझा नाव तेवढा साफ करा."

"सांगतो," अण्णा म्हणाले. "उद्याच सांगतो."

अण्णांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ते दर महिन्याला रक्तदाब तपासायला खाली जात राहिले, पण मी पुन्हा कधी त्यांच्याबरोबर गेले नाही आणि त्यांना विचारलंही नाही. सांगितलं असेल असं मला बरेचदा वाटतं, कारण ते शब्द पाळणारे होते. सांगितलं नसेल असंही वाटतं, कारण आपली लाल चिठ्ठी त्यांनी कधी मागे घेतलेली मी पाहिली नाही. गावकर काकांकडे त्या दवाखान्यातून कधी कुणी गेलं नाही, आणि दोनेक वर्षांत ते खोली सोडून गावाला निघून गेले. मला एवढंच सांगता येतं की दवाखाना आमच्या जिन्याच्या तोंडाशीच होता, शाळेला आणि क्लासला जाता-येता दिवसातून चार वेळा मी त्या उघड्या दारावरून जायची, डॉक्टर मला नावाने हाक मारायचे, आणि मीही कधी आत गेले नाही.